बाराचा भोंगा

१

चौदा नंबरची वही जागेवर नव्हती. तेरा होती, पंधरा होती. मधे दोन बोटं मावतील एवढी फट होती आणि त्या फटीत धूळ नव्हती.

कॉर्नी पेनरने चष्मा कपाळावर चढवला आणि समोरच्या खुर्चीत बसकण मारली. गुडघे ठणकत होते. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला विनिपेग शहरातून नऊ तास गाडी हाकत इथे कॅनडाच्या उत्तरेला, ग्रेलिंग लँडिंगला यायला लावायचं, आणि ते कशासाठी, तर एका जुनाट वहीसाठी. ही वही त्याने आयुष्यात एकदाच हातात धरली होती, तेवीस वर्षांपूर्वी. पुन्हा धरावी अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती.

दानिल्को एअर बंद पडून तीन आठवडे झाले होते. विमानं गेली, बहुतेक खुर्च्या गेल्या, चहा-कॉफीचं यंत्रसुद्धा कोणीतरी उचलून नेलं. उरलं होतं ते विनिपेगचं संग्रहालय नेणार होतं: रेडिओ-खोलीतल्या जुन्या वह्या आणि हँगरमधला मोठा लाकडी फलक. ट्रक बुधवारी दुपारी चारला यायचा होता. आज मंगळवार.

"सगळ्या वह्या मीच बांधत होते," ग्लेनिस मॅकऑली म्हणाली. रेडिओवर बसून तिच्या आयुष्याची तेवीस वर्षं गेली होती. पिंगट केस, पायात घरातल्या सपाता, मांडीवर विणकामाची पिशवी. "गेल्या सोमवारी बघते तर चौदावी नाही."

"कपाटाचं कुलूप?"

"धड आहे."

तेवढ्यात बाहेर भोंगा झाला. खाणीचा बाराचा भोंगा. खाण बंद होऊन चार वर्षं झाली होती, पण भोंगा कोणी बंद करायचा हे ठरलं नव्हतं, म्हणून तो रोज वाजायचा. ग्लेनिसचा हात आपोआप माईककडे गेला, बटणावर थांबला आणि मागे आला. माईकची वायर केव्हाच कापलेली होती.

"सवय," ती ओशाळून म्हणाली. "भोंगा झाला की सगळ्या कॅम्पांना हाक मारायची आणि वहीत लिहायचं: भोंगा, सगळे ठीक."

भिंतीवर दोन घड्याळं होती. एकात बारा वाजले होते. दुसऱ्यावर 'झुलू' असं लिहिलं होतं आणि त्यात पाच. विमानवाले जगभर एकच वेळ लिहितात, तिचं हे घड्याळ. त्याच्याखाली पितळी पट्टी होती: एप्रिल १९७२.

दार ढकलून म्हातारा ऑरेस्ट दानिल्को आत आला. वय शहाऐंशी, पण पाठ अजून ताठ. अख्खं गाव त्याला गीदो म्हणायचं, युक्रेनियन घरांत आजोबांना म्हणतात तसं.

"फोन केला तसा आलास, पेनर! बरं झालं. पण शोधायचं काय त्यात?" तो म्हणाला. "चोर बाहेर काउंटरपाशी उभी आहे. जा, विचार तिला."

२

डेल्फीन देजार्ले काउंटरवरचे कागद खोक्यात भरत होती. तिशीतली बाई. कंपनीच्या निळ्या जाकिटावरचा बिल्ला तिने काढून टाकला होता, दोऱ्याची टोकं मात्र तशीच लोंबत होती.

"मीच चोरली असं म्हणाले ना गीदो?" तिने मान वर न करताच विचारलं. "या, फलक बघायला या. म्हणजे मी का चोरली असेल ते तुम्हाला कळेल."

हँगर रिकामा होता. एवढ्या मोठ्या जागेत दोघांच्या पावलांचा आवाज नको इतका मोठा येत होता. पलीकडच्या भिंतीवर फलक. वरती ठळक अक्षरांत कंपनीचा नियम: 'सूर्याआधी पाण्यावर.' म्हणजे सूर्य बुडायच्या आत विमान तळ्यावर उतरलेलं पाहिजे, मग कोणीही कितीही घाई करो. त्याखाली सहा नावं. न परतलेले सहा वैमानिक. प्रत्येकापुढे साल आणि त्याचा शेवटचा आवाज रेडिओवर कधी आला ती वेळ, झुलूमधली.

"माझे बाबा सातवे," डेल्फीन म्हणाली. "लेओ देजार्ले. सप्टेंबर एकाहत्तर. पेल्टर तळ्यावरच्या मासेमारीच्या कॅम्पवरून निघाले, पंचेचाळीस मिनिटांची वाट. पाच दिवसांनी विमान पाण्यात उलटं सापडलं."

"मला माहीत आहे."

"माहीत असणारच. अख्खं गाव म्हणतं, संध्याकाळी आठ-पाचला निघाला, सूर्य आठ-वीसला बुडाला, म्हणजे बेट्याने नियम मोडला. नियम मोडणाऱ्याचं नाव फलकावर नाही. मी सात वर्षांची होते, पेनर. शाळेत पोरं म्हणायची, हिचा बाप कॅम्पवर ढोसत बसला आणि अंधारात उडाला. आम्ही मेती, मिश्र आदिवासी रक्ताची माणसं, तेव्हा दारूचं कोणी शोधायलाही गेलं नाही. गृहीतच धरलं."

पेनर फलकावरची सहा नावं वाचत राहिला.

"दहा वर्षं मी ती वही मागतेय. एकदा डोळ्यांनी बघू द्या म्हणतेय. गीदो नाही म्हणतात. आणि संग्रहालयाच्या बाई म्हणतात, फलक ट्रकमध्ये चढेल तेव्हा त्यावर जी नावं असतील तीच राहणार, नंतर आम्ही ब्रश लावत नसतो. म्हणजे उद्या चारपर्यंत. त्यानंतर माझे बाबा कायमचे दारुडे." तिचा आवाज चढला नाही. चढवायचं त्राणच उरलं नसावं. "वही मी चोरली असती तर लपवली असती का? तुमच्या तोंडावर फेकली असती."

"माझ्या?"

"मग कोणाच्या? त्या अपघाताच्या सरकारी चौकशीच्या अहवालाखाली सही कोणाची आहे, विसरलात?"

तो विसरला नव्हता. सही त्याचीच होती.

३

ऑरेस्ट दानिल्कोच्या ऑफिसात एक टेबल आणि दोन खुर्च्या राहिल्या होत्या. भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या, त्यांच्या जागी फिकट चौकोन. म्हाताऱ्याने थर्मासमधली कॉफी ओतली आणि डब्यातल्या बटाट्याच्या सारणाच्या थंडगार पिरोगी पुढे केल्या.

"खा. सून करते. माझ्या बायकोच्या हाताची सर नाही, पण खा." मग तो एकेका फिकट चौकोनाकडे बोट दाखवत गेला. "हे सत्तेचाळीस सालातलं पहिलं विमान. युद्धातलं मोडीत निघालेलं. मासे आणायचं, मीठ न्यायचं. इथे नर्सबाई बसल्यात, मांडीवर बाळ, ते माझ्याच विमानात जन्मलं. हा खाणीशी करार झाला तो दिवस. आणि हे जेट. दोन जेट होती माझी, पेनर! टोरांटोला जायची. ग्रेलिंग लँडिंगच्या माणसाची जेट, टोरांटोला!"

"चांगली होती."

"चांगली होती, पण ती घ्यायला मी तरंगती विमानं विकली. मग सरकारने सगळ्यांना मोकळं रान दिलं. मोठ्यांनी तिकिटं इतकी उतरवली की लोकांना माझं तोंड बघवेना. पुढे रस्ता झाला, आणि शेवटी खाणही बसली." त्याने हात झटकला. "जेटच्या नादात आमचं तळं गेलं. संपलं."

पेनरला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकदम आले की माणूस दमतो.

"खाणीचा करार कोणत्या साली झाला?"

"बहात्तरच्या फेब्रुवारीत. तुझ्या अहवालामुळेच की! कंपनी निर्दोष, नियम चोख, चूक वैमानिकाची. खाणवाल्यांनी तो वाचला आणि सही केली." म्हातारा पुढे झुकला. "तुला वाटतंय वही मीच गायब केली. अरे, ती वही म्हणजे माझं प्रशस्तिपत्र. मी ती काचेत लावेन, लपवेन कशाला?"

"मग डेल्फीनला दाखवली का नाहीस?"

म्हाताऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. "लेओ माझा सगळ्यात चांगला माणूस होता. त्याने माझा एकच नियम मोडला. अपघात झाला तेव्हा मी विनिपेगला होतो, सकाळी फोन आला. नंतर त्याची बायको दारात आली, त्याचं नाव लावा म्हणून. मी तिला आत घेतलं नाही. पुन्हा ते पान उघडायचं, पुन्हा तेच... नको वाटतं."

"किल्ल्या?"

"दोन. एक माझ्या खिशात, एक ग्लेनिसकडे. पण डेल्फीन पोचलेली आहे, काढली असेल तिने."

बाहेर पायरीवर कंपनीचा जुना मेकॅनिक तोइवो लाहतिनेन सिगारेट ओढत होता. डास त्याच्याभोवतीही घोंगावत होते, पण चावायला धजत नव्हते.

"माझ्यावरपण संशय घे की," तो म्हणाला. "त्या इंजिनावर सही माझी. मला पण घाबरायला कारण आहे."

"इंजिनाच्या नोंदी वेगळ्या वहीत असतात. ती जागेवर आहे, सकाळीच बघितली."

"हुशार आहेस. तेव्हा एवढा हुशार का नव्हतास?" तोइवोने सिगारेट विझवून थोटूक खिशात टाकलं. "कॅम्पवर स्वयंपाकाला एस्टर लिंकलेटर होती. तिने तुला सांगितलं होतं, लेओ जेवला आणि लगेच निघाला, माझी भांडीसुद्धा व्हायची होती. कॅम्पवर जेवण साडेसहाला. आठपर्यंत भांडी पडलेली ठेवणारी बाई नव्हती ती. तू काय लिहिलंस तिच्याबद्दल?"

पेनरला तो शब्द न् शब्द पाठ होता. 'साक्षीदार वेळेबाबत भरवशाची नाही.'

"मेली गेल्या वर्षी," तोइवो म्हणाला. "शेवटपर्यंत घड्याळ बरोबर लावून मेली."

४

संध्याकाळी पाचला पेनर पुन्हा रेडिओ-खोलीत गेला. ग्लेनिस विणत होती. त्याला बघून तिने सुया पिशवीत टाकल्या आणि पिशवी खाली ठेवली. ती जमिनीवर धप्प आवाज करत टेकली.

"दमलात तुम्ही, मिस्टर पेनर."

"तुम्ही नाही दमलात?"

"मी गेल्या सोमवारपासून झोपलेच नाहीये नीट." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "कंपनी गेली की असं होतं म्हणतात."

"तुम्ही इथल्या नाही ना मुळात?"

"शेजारच्या सास्काचेवान प्रांतातली मी. जंगलखात्याच्या वणव्याच्या टेहळणी मनोऱ्यावर रेडिओ शिकले. सतराव्या वर्षापासून. एकाहत्तरच्या ऑगस्टअखेर इकडे आले, तेव्हा एकोणीस पूर्ण नव्हती." तिने मनगटावरचं घड्याळ फिरवलं. त्यात चार वाजले होते. "इकडे मॅनिटोबात उन्हाळ्यात काटे तासभर पुढे करतात आणि हिवाळ्यात मागे घेतात, ते मला अजून पटत नाही. आमच्याकडे घड्याळाला कोणी हात लावत नाही. हे तिकडचंच आहे, आईने दिलेलं. मी बदलत नाही."

"तो दिवस आठवतो?"

ग्लेनिसने घड्याळ बाहीखाली सारलं.

"लेओचा आवाज मोठा गोड होता. 'पेल्टरवरून निघालो, पोरी, कॉफी चढव,' म्हणाला. पलीकडे कँटीनमधल्या रेडिओवर सातच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. मी लिहून घेतलं आणि खरंच कॉफी चढवली. तो आला नाही. धूर होता त्या दिवसांत जंगलात, असे दिवस असले की आमची वैमानिक मुलं कुठल्याही तळ्यावर उतरून सकाळी यायची. म्हणून मी... सकाळपर्यंत थांबले."

तिने रुमाल काढला. पेनरने मान डोलावली आणि निघाला. दारापर्यंत आला तेव्हा त्याला काहीतरी खुपलं, चपलेत खडा असावा तसं. पण काय ते कळेना. मोटेलवर जाऊन बूट न काढताच तो झोपी गेला.

सकाळी गावातल्या एकुलत्या एक उपाहारगृहात अंडी गार होत होती आणि पेनर आपली जुनी फाईल चाळत होता. चौदाव्या वहीच्या त्या एका पानाची छायाप्रत त्यात होती. तेव्हा त्याने तेवढंच पान घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यातली तेवढी एकच ओळ वाचली होती: 'देजार्ले, पेल्टर सोडलं, ०१०५.' झुलूतून पाच वजा केले की मॅनिटोबाचा उन्हाळा. आदल्या संध्याकाळचे आठ वाजून पाच. तेवढ्यावर त्याने एका माणसाचा निकाल लावला होता.

आज त्याने पान वरून वाचायला घेतलं. तिसरी ओळ आली आणि हातातला काटा बशीत पडला.

'भोंगा, सगळे ठीक. १८००.'

५

बाराला दहा कमी असताना त्याने सगळ्यांना फलकापाशी बोलावलं. ऑरेस्टसाठी खुर्ची आणली. तोइवो भिंतीला टेकला. डेल्फीन हाताची घडी घालून उभी राहिली. ग्लेनिस सगळ्यांत शेवटी आली, पिशवी छातीशी धरून. रेडिओ-खोलीतलं झुलूचं घड्याळ पेनरने काढून आणलं होतं, ते त्याने खोक्यावर उभं केलं.

"हे काय चाललंय?" ऑरेस्ट गुरकावला. "चोर सांग आणि मोकळा हो."

"भोंगा होऊ दे."

मग भोंगा झाला, लांबलचक, रिकाम्या हँगरमध्ये घुमत.

"किती वाजले, गीदो?"

"बारा. बहिरा झालास का?"

"आणि झुलूमध्ये?"

ऑरेस्टने खोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाच. म्हणजे सतरा शून्य शून्य. उन्हाळ्यात पाच मिळवायचे. त्यात काय विशेष?"

पेनरने छायाप्रत त्याच्या गुडघ्यावर ठेवली. "हे लेओ गेला त्या दिवसाचं पान. सप्टेंबर, म्हणजे घड्याळं अजून पुढेच होती. भोंगा बाराचा. वेळ किती लिहिलीये वाच."

म्हाताऱ्याने कागद डोळ्यांजवळ नेला. त्याचे ओठ हलले. "अठरा."

"अठरा. भिंतीवरच्या मॅनिटोबाच्या वेळेत पाचाऐवजी सहा मिळवलेत. भोंगा त्या दिवशी तासभर उशिरा झाला नाही, लिहिणाऱ्याने तासभर पुढचं लिहिलं. आणि एका ओळीत जी चूक ती त्या पानावरच्या सगळ्या ओळींत. लेओच्या ओळीतसुद्धा." पेनरने त्या ओळीवर बोट ठेवलं. "एक-पाचातून सहा वजा करायचे. तो आठ-पाचला निघाला नाही. सात-पाचला निघाला. सात-पन्नासला इथे पोचला असता, सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी."

डेल्फीनने भिंतीला हात लावला. तिथे धरायला काही नव्हतं.

"असं कसं?" तोइवो म्हणाला. "एवढी चूक दोन महिने चालली आणि कोणाला कळली नाही?"

"कळणार कशी? निघायची वेळही तासाने पुढे, पोचायचीही. वजाबाकी बरोबरच यायची. आणि ऑक्टोबरअखेर मॅनिटोबाची घड्याळं मागे गेली की सहा हेच बरोबर झालं. चूक आपोआप मिटली. एप्रिलमध्ये गीदोने हे घड्याळ टांगलं, मग डोक्यात बेरीज करायचं कामच उरलं नाही. कोणी मागची पानं उलटली असती तर दिसलं असतं. उलटायचं काम माझं होतं. मी उलटली नाहीत."

"पण सहा मिळवेल कोण?" ऑरेस्ट म्हणाला. "इथलं शेंबडं पोरसुद्धा..."

तो मधेच थांबला. सहा मिळवायची सवय फक्त अशाच माणसाला असते, ज्याच्या गावी बारा महिने सहाच मिळवतात.

"ग्लेनिसबाई," पेनर शक्य तितक्या हळू म्हणाला, "काल तुम्ही म्हणालात, सातच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. या गावात प्रत्येकजण आठ-पाच म्हणतो. तेवीस वर्षं तुम्हीही तेच म्हणत होतात, चौकशीत शपथेवर म्हणालात. ते सात कधी झालं? तुम्ही वही पुन्हा उघडून बघितलीत तेव्हाच. आणि लोकरीची पिशवी खाली ठेवली की धप्प आवाज होत नाही."

ग्लेनिसने पिशवीत हात घातला. लोकर बाजूला केली. काळ्या पुठ्ठ्याची वही बाहेर काढताना एक सुई घरंगळत खुर्चीखाली गेली.

६

"संग्रहालयाला यादी हवी होती," ती म्हणाली. "म्हणून प्रत्येक वही उघडत होते. भोंग्यापुढे अठरा बघितलं आणि मला कळलं. एका क्षणात कळलं हो. मग बातम्याही आठवल्या. तेव्हा या साहेबांनी वही दाखवली, आठ-पाच म्हणाले, मला वाटलं, माझंच चुकलं असेल, शाईत आहे तेच खरं. आता रोज ही घेऊन यायची. आज ठेवीन, आज सांगीन. आणि संध्याकाळी तशीच घरी." ती डेल्फीनकडे वळली, पण तिच्याकडे बघू शकली नाही. "जाळणार होते. शेगडी पेटवली पण होती. त्यात त्याचा आवाज आहे गं, मला नाही जाळवलं."

डेल्फीनने वही हातातून घेतली. पान शोधलं. वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. सगळ्यांना वाटलं आता ती ओरडेल.

"माझ्या दहावीच्या फ्रॉकची बाही तू शिवून दिलीस," ती म्हणाली. "आईच्या मयताला बॅनकच्या रोट्या भाजून आणल्यास. आणि गेले दहा दिवस माझ्यासमोर बसून विणत होतीस. गीदो मला चोर म्हणाले तेव्हाही."

"हो."

"मला तुझ्यावर चिडायचंय, ग्लेनिस. पण आज नको. आज मला वेळ नाही."

"मग लेओ पडला कशाने?" ऑरेस्टने विचारलं. त्याचा आवाज एकाएकी म्हातारा झाला होता.

"माहीत नाही," पेनर म्हणाला. "धूर असेल, इंजिन असेल, काचेसारखं निश्चल पाणी असेल, त्यावर उंचीचा अंदाजच येत नाही. 'माहीत नाही' हेच लिहायला हवं होतं मला. पण पंचावन्न मैलांवर एक बाई खरं सांगत होती, आणि मी एका आकड्यावर विश्वास ठेवला, कारण तो शाईत होता आणि ती स्वयंपाकीण होती." त्याने खिशातून अहवालाची प्रत काढली, एस्टर लिंकलेटरवरच्या वाक्यावर काट मारली आणि समासात लिहिलं: 'साक्षीदार बरोबर होती.' खाली सही केली आणि तारीख घातली. त्याने काही बदलणार नव्हतं, बाई मेली होती. पण कागद संग्रहालयात जाणार होता.

ऑरेस्ट खुर्चीतून उठला. तोइवोने आधाराला हात पुढे केला, तो त्याने झटकला.

"मी त्याच्या बायकोला दारातून परत पाठवलं," तो फलकाकडे बघत म्हणाला. "बर्फ पडत होतं. ही पोर तिचं बोट धरून उभी होती." मग त्याने तोंडावरून हात फिरवला आणि तो गर्जला, "तोइवो! शेपटीवर नंबर काढायचा पांढरा रंग राहिलाय का कुठे, की तोही विकला त्या लिलाववाल्या चोरांनी?"

"अर्धा डबा आहे. माझ्या गाडीत."

"मग उभा काय राहिलास?"

साडेतीनला ट्रक आला, अर्धा तास आधी. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार दारात खोळंबले. लवकर करा म्हणायला एकाने तोंड उघडलं, तेव्हा पेनर त्याच्यासमोर जाऊन नुसता उभा राहिला.

म्हातारा शिडीवर चढला नाही. फलकाच्या तळाशी सातव्या नावापुरती जागा होती, तिथे तो गुडघे टेकून बसला. हात थरथरत होता, म्हणून डेल्फीनने खालून त्याचं मनगट धरलं. ले, मग ओ. अक्षरं जराशी वाकडी येत होती. देजार्ले लिहून झालं. १९७१ लिहून झालं.

ब्रश थांबला. शेवटचा आवाज कधी आला ते लिहायची जागा रिकामी होती.

"किती?" ऑरेस्टने मागे न बघता विचारलं.

पेनरला उत्तर माहीत होतं: वहीतल्या आकड्यातून एक तास वजा. डेल्फीनलाही. दोघांनी ग्लेनिसकडे पाहिलं.

ग्लेनिस पुढे झाली. तिने मनगटावरचं आईचं घड्याळ काढून एप्रनच्या खिशात टाकलं. मग मान ताठ केली आणि रेडिओवर बोलायची तशी, स्वच्छ, एकेक आकडा तोडून, ती म्हणाली:

"शून्य, शून्य, शून्य, पाच. झुलू. देजार्ले, पेल्टर सोडलं. उजेडात."

"शेवटचा शब्द फलकावर मावायचा नाही," म्हातारा म्हणाला.

"मावेल," डेल्फीन म्हणाली आणि ब्रश आपल्या हातात घेतला.